पहिल्या पानासाठीच्या शिळ्या युक्त्या

सर्च इंजिनच्या निकालांत आपली वेबसाइट वर दिसावी म्हणून जे जे केले जाते त्याला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन किंवा एसईओ म्हणतात. जाहिरातीचे पैसे न मोजता मिळणारी ही जागा, त्यामुळे तिच्यावर सगळ्यांचाच डोळा. अमेरिकेत हा धंदा सुरू होऊन साधारण तीस वर्षे झाली. एवढ्या काळात सर्च इंजिनांनी कितीदा तरी कात टाकली, पण त्यांना चकवण्यासाठी निघालेल्या जुन्या युक्त्या बाजारातून गेल्या नाहीत. डेंटिस्ट, प्लंबर, वकील, मोटेलवाले, घरांची डागडुजी करणारे अशा लहान व्यावसायिकांना ‘महिनाभरात गूगलच्या पहिल्या पानावर’ अशी हमी देणारे ईमेल येतच असतात. शेकडो डिरेक्टऱ्यांत नोंदणी, हजार बॅकलिंक (दुसऱ्या वेबसाइटांवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका), पानागणिक ठरावीक टक्के कीवर्ड (शोधाचे शब्द) ही त्यांतली सेवांची यादी २००५ सालीही जशीच्या तशी छापता आली असती.

अमेरिकेत सर्च इंजिन म्हणजे व्यवहारात गूगलच. केंद्र सरकारने गूगलविरुद्ध चालवलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी निकाल दिला. देशातले सुमारे नव्वद टक्के शोध गूगलवरून होतात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे गूगलच्या निकालांतून एखादे दुकान बाहेर फेकले गेले तर त्याला जायला दुसरे दार जवळजवळ नाही. जुन्या युक्तीने काय मिळेल याआधी काय जाऊ शकते याचा विचार करायचा तो यासाठी.

या युक्त्यांचे आयुष्य एका ठरलेल्या वाटेने जाते. चांगले पान ओळखण्यासाठी सर्च इंजिन एखादी खूण धरते आणि काही काळ ती खूण खरी असते. मग ती कशी मिळवायची हे लोकांना कळते, ती विकत मिळू लागते, आणि विकत मिळू लागली की तिला काही अर्थ उरत नाही. सर्च इंजिन मग ती खूण सोडून देते, किंवा तिचा बाजार मांडणाऱ्याला शिक्षा करते. विकणारे मात्र विकत राहतात, कारण खूण बाद झाल्याचे गिऱ्हाइकाच्या कानावर यायला पाच-दहा वर्षे सहज जातात. या उशिरावर एसईओ धंद्याचा एक मोठा भाग पोसला गेला आहे.

शब्दांचा मारा

पहिली खूण शब्दांची होती. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने डिसेंबर १९९५मध्ये आणलेले अल्टाव्हिस्टा, तसेच इन्फोसीक, लायकॉस, एक्साइट ही त्या काळची सर्च इंजिने. पानावर कोणता शब्द कुठे आणि किती वेळा आला आहे यावर त्यांची मुख्य भिस्त असे. शिवाय पान बनवणाऱ्याला आपला विषय स्वतःच सांगता यावा म्हणून पानाच्या कोडमध्ये ‘मेटा कीवर्ड’ नावाची जागा होती. वाचणाऱ्याला ती दिसत नसे, सर्च इंजिनला दिसे. ही सोय प्रामाणिकपणावर चालणारी होती, म्हणजे टिकणारी नव्हती. दुकानदारांनी तिच्यात आपल्या मालाबरोबर प्रतिस्पर्ध्यांची नावे भरली, आणि मालाशी काडीचाही संबंध नसलेले लोकप्रिय शब्दही भरले.

भांडण कोर्टात गेले. चित्रपटांच्या माहितीचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या ब्रुकफिल्ड कम्युनिकेशन्सचे ‘मूव्हीबफ’ हे नाव वेस्ट कोस्ट एंटरटेनमेंट या व्हिडिओ दुकानांच्या साखळीने आपल्या डोमेनसाठी आणि मेटा टॅगसाठी घेतले होते. एप्रिल १९९९मध्ये केंद्रीय न्यायव्यवस्थेतल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ब्रुकफिल्डच्या बाजूने कौल दिला. न्यायालयाने दाखला दिला तो हायवेवरच्या पाटीचा: एका दुकानाची पाटी पाहून माणसाने गाडी हायवेवरून उतरवावी आणि पुढ्यात यावे दुसरेच दुकान. गंमत अशी की असे खटले चालू असतानाच सर्च इंजिनांचा या जागेवरचा विश्वास उडत चालला होता. गूगलने सप्टेंबर २००९मध्ये जाहीरच करून टाकले की, वेबवरच्या निकालांची क्रमवारी लावताना मेटा कीवर्ड आम्ही विचारातच घेत नाही. तरीही एजन्सीच्या बिलात ‘मेटा कीवर्ड’ ही ओळ अजून सापडते. पानाचे शीर्षक आणि निकालाखाली दिसणारे दोन ओळींचे वर्णन यांची गोष्ट वेगळी. ती ग्राहकाच्या नजरेस पडतात, म्हणून ती नीट लिहिण्यावर खर्च केलेला वेळ सार्थकी लागतो.

मेटा कीवर्डचा सख्खा भाऊ म्हणजे पानावरच्या मजकुरात एकच शब्द कोंबणे. त्यासाठी ‘कीवर्ड डेन्सिटी’ नावाचे एक शास्त्रही उभे राहिले. शंभर शब्दांत मुख्य शब्द किती वेळा यावा याचे टक्के त्यात ठरत. त्यातून असा मजकूर तयार होई: ‘ऑस्टिनमधील स्वस्त प्लंबर शोधताय? आमचे ऑस्टिनमधील स्वस्त प्लंबर हे ऑस्टिनमधील सर्वांत स्वस्त प्लंबर आहेत. ऑस्टिनमध्ये स्वस्त प्लंबर हवा असेल तर आजच ऑस्टिनमधील स्वस्त प्लंबरला फोन करा.’ मध्यरात्री पाइप फुटलेल्या माणसाला यातून काहीच कळत नाही. रात्री कोणी येते का, नुसते येऊन बघायचे किती पैसे, शहराच्या कोणत्या भागापर्यंत येतात, टेक्सासच्या प्लंबिंग बोर्डाचा परवाना आहे का आणि त्याचा क्रमांक काय, हे त्याला हवे असते. ज्या पानावर हे लिहिलेले असते ते कोंबाकोंबीशिवाय वर येते, कारण गूगलला आता शब्दांमागचा अर्थ बऱ्यापैकी लागतो. २०१३च्या ‘हमिंगबर्ड’ बदलाने याची सुरुवात झाली आणि ऑक्टोबर २०१९मध्ये ‘बर्ट’ हे भाषेचे मॉडेल आल्यावर मोठा पल्ला गाठला गेला. त्या वेळी गूगलने दिलेले उदाहरण बोलके आहे. ब्राझीलच्या प्रवाशाला अमेरिकेत यायला व्हिसा लागतो का, असे विचारले तर पूर्वी निकालांत ब्राझीलला निघालेल्या अमेरिकन प्रवाशांची माहिती येई. कोण कुठून कुठे चालला आहे हे सांगणारा इवलासा शब्द यंत्र गाळून टाकत असे. बर्ट तो शब्द वाचू लागले. असे यंत्र समोर असताना टक्केवारी मोजत बसणे म्हणजे निव्वळ वेळ दवडणे.

अदृश्य मजकूर ही याच घराण्यातली युक्ती. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शंभर शब्द लिहून ठेवायचे. माणसाला पान स्वच्छ दिसते, यंत्राला शब्द मिळतात. गूगल हे फार पूर्वीपासून पकडते आणि स्पॅम मानते. युक्ती मात्र मरत नाही. २०२५ साली ‘निक्केई’ या जपानी वृत्तपत्राने दाखवून दिले की काही संशोधकांनी आपल्या शोधनिबंधांत पांढऱ्या किंवा अतिबारीक अक्षरांत एआयसाठी आज्ञा दडवल्या होत्या. आज्ञा होती, फक्त चांगलाच अभिप्राय दे.

चित्रांच्या ‘ऑल्ट’ मजकुरात कीवर्ड भरण्याची सवय त्याहून वाईट, कारण ती माणसांना छळते. अंध व्यक्तीच्या संगणकातील स्क्रीन रीडर चित्राच्या जागी हा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. बुटांच्या चित्रापाशी ‘स्वस्त बूट, बूट सेल, पुरुषांचे बूट डॅलस’ असे ऐकू आले तर त्याला चित्रात काय आहे ते समजत नाही. वेबसाइट आणि अ‍ॅप वापरता येत नाही म्हणून एका अंध ग्राहकाने डॉमिनोज पिझ्झावर अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखाली दावा लावला होता. २०१९मध्ये नवव्या सर्किटने तो पुढे चालू द्यावा असे ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. ऑल्ट मजकूर हा त्यामुळे अमेरिकेत एसईओच्या आधी सोयीसवलतीचा आणि कायद्याचा विषय आहे.

लिंकांचा बाजार

स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी शब्दांच्या जोडीला दुसरी खूण आणली. एखाद्या पानाकडे किती पानांनी लिंक दिली आहे, आणि ती लिंक देणारी पाने स्वतः किती वजनदार आहेत, यावरून पानाचे वजन ठरवायचे. याला त्यांनी ‘पेजरँक’ म्हटले आणि १९९८मध्ये गूगल कंपनी उभी राहिली. डिसेंबर २०००मध्ये गूगलने ब्राउझरसाठी टूलबार काढला. त्यात कोणत्याही पानाचा पेजरँक ० ते १० या मापावर हिरव्या पट्टीने दिसे. हा आकडा उघड दाखवणे ही गूगलची चूकच म्हणायला हवी. जी गोष्ट मोजता येते तिला भाव येतो, आणि भाव आला की दलाल येतात.

ओक्लाहोमातील ‘सर्चकिंग’ ही कंपनी त्यांपैकीच. वजनदार वेबसाइटांवर लिंक लावून घ्यायची आणि पेजरँकच्या हिशेबाने पैसे आकारायचे, असा तिचा व्यवहार होता. २००२मध्ये सर्चकिंगचा स्वतःचा पेजरँक ८वरून ४वर आला. गूगलने मुद्दाम आपल्याला खाली ओढले म्हणून तिने दावा ठोकला. गूगलने मुद्दाम केल्याचे नाकारले नाही. मे २००३मध्ये तिथल्या केंद्रीय न्यायालयाने दावा फेटाळला. पेजरँक हे गूगलचे मत आहे आणि मत मांडण्याला घटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे संरक्षण आहे, असे कारण त्याने दिले. रँक घसरली म्हणून गूगलला कोर्टात खेचू, असे एखादी एजन्सी म्हणत असेल तर हा निकाल तिला जरूर दाखवावा.

लिंका मिळवण्याच्या बाकीच्या वाटाही वीस वर्षांत झिजून गेल्या. ‘तू मला दे, मी तुला देतो’ असे ठरवून केलेली लिंकांची पाने, फक्त एकमेकांना लिंक देण्यासाठी उभारलेली वेबसाइटांची जाळी, ब्लॉगवरच्या प्रतिक्रियांत चिकटवलेल्या लिंका, पानाच्या तळाशी बारीक अक्षरांतल्या ओळी, या सगळ्यांचा काळ सरला. प्रतिक्रियांतल्या कचऱ्यावर उपाय म्हणून जानेवारी २००५मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ‘नोफॉलो’ ही खूण आणली; ती लावलेल्या लिंकेचे वजन धरायचे नाही, असे ठरले. डिरेक्टऱ्यांचे तर दुकानच उठले. याहूच्या डिरेक्टरीत नोंदीसाठी व्यवसाय वर्षाला २९९ डॉलर मोजत. ती २०१४च्या अखेरीस बंद झाली. स्वयंसेवकांनी चालवलेली डीमॉझ मार्च २०१७मध्ये गेली. राहता राहिल्या त्या बहुतेक डिरेक्टऱ्यांना वाचक नाही, फक्त नोंदणी करणारे आहेत.

या बाजाराचे सर्वांत गाजलेले प्रकरण जे. सी. पेनी या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरचे. २०१०च्या नाताळाच्या हंगामात कपडे, अंथरुणे-पांघरुणे, गालिचे अशा कितीतरी साध्या शब्दांना गूगलवर पेनी पहिली येत होती. ‘सॅम्सोनाइट कॅरी ऑन लगेज’ असे शोधले तरी सॅम्सोनाइटच्या स्वतःच्या वेबसाइटच्या वर पेनीच. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने एका एसईओ जाणकाराकरवी तपास केला तेव्हा पेनीकडे येणाऱ्या लिंका विचित्र ठिकाणी सापडल्या. अणुअभियांत्रिकीला वाहिलेली वेबसाइट, जुगाराची, बल्गेरियातील जमीनजुमल्याची. कुठेतरी कोपऱ्यात ‘इव्हिनिंग ड्रेसेस’ किंवा ‘लिटल ब्लॅक ड्रेस’ असे शब्द आणि त्यांवर पेनीची लिंक. अशी २,०१५ पाने निघाली. ही गोष्ट गूगलला कळवल्यावर ८ फेब्रुवारी २०११च्या संध्याकाळी कारवाई सुरू झाली. सात वाजता सॅम्सोनाइटच्या शोधात पहिली असलेली पेनी दोन तासांनी ७१वी होती. ‘लिव्हिंग रूम फर्निचर’मध्ये ती पहिलीवरून ६८वी झाली. तपासलेल्या ५९ शब्दसमूहांत १ फेब्रुवारीला तिचा सरासरी क्रमांक १.३ होता, १० फेब्रुवारीला ५२.

हे आपल्याला ठाऊक नव्हते आणि आपण त्याला मंजुरीही दिली नव्हती, असे पेनीने सांगितले आणि आपल्या एसईओ कंपनीला काढून टाकले. शिक्षा मात्र पेनीला झाली आणि ती सुमारे तीन महिने टिकली. लहान दुकानाने हे प्रकरण लक्षात ठेवायचे ते एवढ्यासाठी: युक्ती एजन्सी करते, डोमेन मात्र दुकानदाराचे असते. एजन्सी उद्या दुसऱ्या नावाने पाटी लावू शकते. दुकानदाराला आपले नाव बदलता येत नाही.

त्याच महिन्यात ओव्हरस्टॉक डॉट कॉमवरही कारवाई झाली. तिची युक्ती वरवर पाहता निरागस होती. विद्यापीठांचे विद्यार्थी आणि अध्यापक यांना काही मालावर दहा टक्के सूट, त्या बदल्यात विद्यापीठाच्या वेबसाइटवरून ओव्हरस्टॉकला लिंक. शैक्षणिक डोमेनवरच्या लिंकेला जास्त वजन असते या समजुतीवर हे सारे बेतलेले होते. पैसे रोख दिले काय आणि सवलतीच्या रूपाने दिले काय, विकत घेतलेली लिंक ती विकत घेतलेलीच, असे गूगलने मानले. ओव्हरस्टॉकला निकालांत परतायला साधारण दोन महिने लागले.

२४ एप्रिल २०१२ रोजी ‘पेंग्विन’ हा बदल आला आणि माणसांऐवजी यंत्रच असल्या लिंका हुडकू लागले. इंग्रजी शोधांपैकी सुमारे ३.१ टक्क्यांवर त्याचा परिणाम झाला. त्या वर्षी अनेक लहान व्यवसायांना कळले की एजन्सीने मागे कधीतरी विकत घेतलेल्या लिंका आता आपल्याच गळ्यात पडल्या आहेत. ज्यांनी लिंकांसाठी पैसे मोजले होते ते आता त्या काढून टाकण्यासाठी मोजू लागले. ऑक्टोबर २०१२मध्ये गूगलने नको त्या लिंका नाकारण्याची सोय दिली. सप्टेंबर २०१६नंतर पेंग्विनने सरसकट शिक्षा करण्याऐवजी अशा लिंका बिनवजनाच्या धरायला सुरुवात केली. म्हणजे आज हजार लिंकांचे पॅकेज घेणाऱ्याला शिक्षा होईलच असे नाही. पण पाण्यात गेलेले पैसे परत यायचे नाहीत. हाताने केलेल्या कारवाईची टांगती तलवार आहे ती आहेच.

पैसे न देताही माणूस अडकू शकतो, हे ‘रॅप जीनियस’ने दाखवले. गाण्यांचे अर्थ लावणाऱ्या या न्यू यॉर्कच्या कंपनीने डिसेंबर २०१३मध्ये ब्लॉगवाल्यांना सुचवले की, जस्टिन बीबरच्या गाण्यांच्या आमच्या लिंका तुमच्या पानावर लावा, आम्ही तुमचे पान ट्विट करू. हा प्रस्ताव फुटला आणि ऐन नाताळाच्या दिवशी कंपनी गूगलवरून दिसेनाशी झाली. तिचे नाव टाकले तरी तिचे मुखपृष्ठ वर येईना. लिंका साफ करून ती ४ जानेवारीला परतली. पुढच्या काही महिन्यांत पाहुण्या लेखकाच्या नावाखाली लिंका पेरण्याच्या प्रकारावर गूगलने हत्यार उपसले. पाहुणा लेख लिहिणे आजही गैर नाही. ज्याला लेखापेक्षा लेखातल्या दोन लिंकांतच रस आहे, त्याचा लेख गैर.

मजकुराचे कारखाने

‘ताजा मजकूर टाकत राहा’ हा सल्ला खरा होता, पण त्याचेही कारखाने निघाले. सांता मोनिकाच्या डिमांड मीडियाचे गणित असे होते की लोक काय शोधतात ते यंत्राने काढायचे, त्या प्रत्येक प्रश्नावर साधारण पंधरा डॉलरांत लेख लिहवून घ्यायचा, आणि तो ईहाऊसारख्या वेबसाइटवर टाकून जाहिरातींवर कमवायचे. जानेवारी २०११मध्ये या कंपनीचे शेअर बाजारात आले त्या दिवशी तिचे मोल न्यू यॉर्क टाइम्स कंपनीपेक्षा जास्त भरले होते. महिनाही उलटला नाही तोच, २४ फेब्रुवारीला गूगलने एक बदल जाहीर केला. त्याचा परिणाम अमेरिकेतील ११.८ टक्के शोधांवर झाला. नवनीत पांडा या अभियंत्याच्या नावावरून तो ‘पांडा’ म्हणून ओळखला गेला. वरवरचा, दुसरीकडून उचललेला किंवा शब्द फिरवून पुन्हा छापलेला मजकूर त्याने खाली ढकलला. लेख यंत्रात घालून प्रतिशब्द बदलून वीस लेख काढण्याची ‘स्पिनिंग’ नावाची युक्ती तेव्हाच संपायला हवी होती.

ती संपली नाही, तिने एआयचे कपडे घातले. एआयच्या मदतीने लिहिणे गूगलला निषिद्ध नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये त्याने सांगितले की मजकूर कसा तयार झाला यापेक्षा तो उपयोगी आहे का, हे आम्ही पाहतो. पण मार्च २०२४मध्ये त्याने स्पॅमच्या नियमांत तीन कलमे वाढवली. क्रमवारीसाठी घाऊक मजकूर काढणे, मग तो यंत्राने असो की माणसाने. बंद पडलेले जुने डोमेन विकत घेऊन त्याच्या पुण्याईवर भलताच मजकूर चढवणे. आणि नामांकित वेबसाइटने आपल्या नावाखाली परक्याची दुकाने थाटू देणे. दुसऱ्या कलमाचे एक उदाहरण ‘द हेअरपिन’. स्त्रियांसाठीची ही लाडकी अमेरिकन वेबसाइट २०१८मध्ये बंद पडली. पुढे डोमेन दुसऱ्याच्या हाती गेले आणि तिथे एआयने लिहिलेले लेख झळकू लागले. तिसरे कलम नोव्हेंबर २०२४मध्ये आणखी कडक झाले आणि फोर्ब्ससारख्या नावालाही त्याची झळ लागली.

लहान व्यवसाय या फंदात सहसा पडतो तो शहरांच्या पानांमुळे. न्यू जर्सीतील एखादा छप्पर दुरुस्त करणारा एडिसन, इझेलिन, पार्सिपनी, जर्सी सिटी अशी चाळीस पाने काढतो आणि प्रत्येकात फक्त गावाचे नाव बदलतो. याला ‘डोअरवे’ पान म्हणतात. मार्च २०१५मध्ये गूगलने त्यासाठी वेगळा बदल जाहीर केला होता. त्या गावात खरोखर केलेली कामे, तिथल्या नगरपालिकेच्या परवान्याची रीत, कामाचे फोटो असे काही सांगण्यासारखे असेल तर गावासाठी वेगळे पान काढायला हरकत नाही. नसेल तर एकाच पानावर गावांची नावे लिहिलेली पुरतात.

उलट टोकाची चूकही होते. २०२३च्या उन्हाळ्यात सीनेट या तंत्रज्ञानाच्या वेबसाइटने एसईओसाठी हजारो जुने लेख काढून टाकल्याचे उघड झाले. मजकूर जुना आहे एवढ्यावरून तो गूगलला नावडतो ही समजूत चुकीची आहे, असे गूगलच्या प्रतिनिधीने तेव्हाच सांगितले होते. जुन्या लेखावर नुसती आजची तारीख टाकणे हाही याच गैरसमजाचा प्रकार.

नाव, पत्ता आणि रिव्ह्यू

नावाने पहिला नंबर पटकावण्याची हौस इंटरनेटच्या आधीची. अमेरिकन टेलिफोन डिरेक्टरीच्या पिवळ्या पानांत नावे वर्णानुक्रमाने असत, म्हणून ‘एएए प्लंबिंग’, ‘एएएए लॉकस्मिथ’ अशी दुकाने निघत. वेबवर त्याचे रूप म्हणजे शोधाचे शब्द जसेच्या तसे डोमेनमध्ये घेणे. २८ सप्टेंबर २०१२च्या बदलाने अशा निकृष्ट वेबसाइटांचा फायदा काढून घेतला. मॅनहॅटनमध्ये ‘थाई फूड नियर मी’ नावाचे रेस्टॉरंट मात्र खरोखरच आहे, आणि तिथे जेवण मिळते, तेव्हा त्याला फसवणूक म्हणता येत नाही. पाटीवर एक नाव आणि गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये त्यापुढे ‘बेस्ट चीप डेंटिस्ट ह्यूस्टन’ अशी शेपूट, हे मात्र नियमबाह्य आहे. तक्रार झाली तर प्रोफाइल निलंबित होते आणि नकाशावरून दुकान नाहीसे होते. कुरिअरच्या दुकानातली पेटी किंवा मित्राचे घर दाखवून भलत्या गावात शाखा उभी करण्याचीही तीच गत.

रिव्ह्यूंच्या बाबतीत तर मामला गूगलच्या हातातून कायद्याच्या हातात गेला आहे. न्यू यॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयाने ब्रुकलिनमधील दही विकणाऱ्या दुकानाचे मालक असल्याची बतावणी करून एसईओ कंपन्यांना फोन केले: आम्हाला वाईट रिव्ह्यू पडताहेत, काही करता येईल का? काहींनी खोटे रिव्ह्यू लिहून द्यायची तयारी दाखवली. हे रिव्ह्यू फिलिपिन्स, बांगलादेश, पूर्व युरोपातील लेखकांकडून एक ते दहा डॉलरांत लिहवले जात. सप्टेंबर २०१३मध्ये १९ कंपन्यांनी एकूण साडेतीन लाख डॉलरांहून जास्त दंड भरायचे कबूल केले. केंद्रीय व्यापार आयोगाचा खोट्या रिव्ह्यूंविरुद्धचा नियम २१ ऑक्टोबर २०२४पासून लागू झाला. जाणूनबुजून केलेल्या प्रत्येक उल्लंघनामागे त्या वेळी ५१,७४४ डॉलरपर्यंत दंड होऊ शकत होता. मालकाने नातेवाइकांकडून नाते लपवून रिव्ह्यू लिहवणे, चांगला रिव्ह्यू दिलात तर सूट देऊ म्हणणे, हेही त्याच्या कक्षेत येते. समाधानी ग्राहकाला ‘रिव्ह्यू लिहा’ एवढे म्हणायला मुभा आहे.

उरलेसुरले

वेबसाइट शेकडो सर्च इंजिनांना ‘सबमिट’ करून देतो, या सेवेबद्दल फार लिहायला नको. गूगलने पत्ता सुपूर्द करण्याची आपली सार्वजनिक सोय २०१८मध्येच बंद केली. लिंकांवरून आणि साइटमॅपवरून, म्हणजे वेबसाइटच्या पानांच्या यादीवरून, त्याला पान आपसूक सापडते. टूलबारमधला पेजरँकचा आकडा २०१६मध्ये गेला, त्यामुळे ‘पेजरँक वाढवून देतो’ म्हणणाऱ्याकडे दाखवायला आकडाच नाही. पानाखाली प्रश्नोत्तरांचे विशेष कोड टाकून निकालात जास्त जागा बळकावण्याचा मार्गही ऑगस्ट २०२३नंतर सरकारी आणि आरोग्यविषयक वेबसाइटांपुरताच उरला. फोनवर नीट न दिसणारी वेबसाइट ही युक्ती नव्हे, दुर्लक्ष आहे. २१ एप्रिल २०१५पासून फोनवरच्या निकालांत तिची जागा घसरते.

पहिल्या क्रमांकाची हमी कोणालाही देता येत नाही, असे गूगलने आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहून ठेवले आहे. एजन्सी नेमायचीच असेल तर दोन गोष्टी करारात घालून घ्याव्यात. सर्च कन्सोल (आपली वेबसाइट गूगलला कशी दिसते ते मालकाला दाखवणारे गूगलचे साधन) आणि बिझनेस प्रोफाइल ही दोन्ही खाती मालकाच्या नावावर राहतील, आणि मिळवलेल्या प्रत्येक लिंकेचा पत्ता व तिच्यासाठी काय दिले याची यादी दर महिन्याला मिळेल. सर्च कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन’ नावाचे पान असते. वेबसाइटवर गूगलने हाताने कारवाई केली असेल तर ती तिथे कारणासह लिहिलेली असते. ते पान मालकाने स्वतः उघडून पाहावे. त्याला पैसे पडत नाहीत.